लोसालिनेबाई आणि राहून गेलेलं ताट

निम्मा नारळ खवून झाला होता, निम्मा अजून करवंटीतच होता, आणि लोसालिनेबाई मागच्या दाराने आत आल्या. पुढच्या दाराने त्या कुणाकडेच जात नाहीत. पुढून गेलं की लोक चटई अंथरतात आणि ठेवणीतलं हसतात. मागून गेलं की चुलीवर काय शिजतंय आणि पोर कुठे आहे, दोन्ही एकदम कळतं, असं त्यांचं म्हणणं.

"एवढे नारळ कुणासाठी गं, वीका?"

"तुमच्याच पोरांसाठी, बाई. आज रात्रीच्या अभ्यासाचं जेवण माझ्याकडे आहे."

सहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या बेटावरची सहावीची मुलं शाळेतच झोपायला जातात. बाकं भिंतीला लागतात, चटया पसरतात. मुली एका वर्गात, मुलगे दुसऱ्या वर्गात आणि मधल्या ओसरीवर बाईंचं अंथरूण. आम्ही आया पाळीपाळीने अळूच्या पानांत डब्यातलं मांस आणि नारळाचं दूध बांधून, भाजून नेतो. माझ्या लहानपणी माझी आई न्यायची. तेव्हाही ओसरीवर बाईच झोपायच्या.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "डोळ्यांत नारळाचं पाणी उडालं वाटतं."

मग मला राहवलं नाही. खवणीच्या पाटावर बसल्या बसल्याच सांगून टाकलं. "सियाले उद्याच्या बोटीने जातेय, बाई. वन्संनी मागितली."

सियाले माझी धाकटी. पुढच्या सोमवारी तिची परीक्षा. ही परीक्षा ज्या शाळेत नाव असेल तिथेच द्यायची आणि एकदाच द्यायची. ती चुकली की राजधानीतल्या मोठ्या शाळेचं दार लागलं म्हणून समजा. सियालेला तिथे जायचं होतं. तोंडाने ती काही बोलायची नाही, पण त्या शाळेच्या गणवेशाचा रंग तिला ठाऊक होता आणि तिच्या बाहुलीच्या अंगावर दोन वर्षं तोच रंग होता.

मेलेनाइते वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चर्चच्या वार्षिक अर्पणासाठी राजधानीहून, नुकुआलोफाहून आल्या होत्या. रविवारी उपासना झाल्यावर आमच्याकडे जेवण झालं. उमूतून, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतून, डुकराचं भाजलेलं पिल्लू निघालं, रताळी निघाली. वन्सं सर्वांत वरच्या चटईवर बसल्या आणि पिल्लाची पाठ त्यांच्या ताटात गेली, जशी ती आत्याच्या ताटात जायला हवी. हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, "सुनेचे दिवस भरत आलेत. माझे गुडघे हे असे. बाजारात चटयांचा गाळा आहे तो वेगळाच. मी सियालेला घेऊन जाते. मंगळवारी बोट आहे."

झालं. आत्याने मागितलं की द्यायचं. मुलाचं नाव ठेवते आत्या, लग्नात पहिली चटई आत्याची, मयताच्या उशाशी बसते आत्या. आईचं माहेर चुलीपाशी. मी आई, म्हणजे या बाबतीत मीही मागच्या दाराचीच.

रात्री मी नवऱ्याला, होलाला, विचारलं होतं, "तुम्ही काही बोलणार आहात का?"

"मी काय बोलू, वीके? बहीण आहे ती." बहीण घरात असली की तो बाहेरच जेवतो, बाहेरच बसतो, तशीच रीत आहे. तो तिथून बोलणार तरी कसा?

"मग मी बोलू?"

"तू तर मुळीच नको!"

मी प्रार्थनेला बसले. प्रभू, तुला जे योग्य वाटेल ते कर, एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. पण काय योग्य आहे तेही मी त्याला बरंच समजावून सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. परीक्षेबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या हातातली करवंटी घेतली, बघितलं, परत दिली. "खालपर्यंत खव. काळी साल येऊ देऊ नकोस," म्हणाल्या. आणि मग, "काल तोआकासेंचं ताट कोण घेऊन गेलं?"

मी खवणीवरून उठलेच.

तोआकासे म्हणजे माझी आतेसासू. होलाच्या आणि वन्संच्या वडिलांची बहीण, आत्याचीही आत्या. गावाच्या टोकाला, केवड्याच्या बनाला लागून तिचं घर. कानाने फारसं ऐकू येत नाही, डोळ्यांत पडदा आलाय, उठबस होत नाही. तिला जेवणाला बोलावणं शक्यच नव्हतं. पण तिच्या नावाचं ताट आधी काढायचं, आणि मग वन्संना वाढायचं. मला वाटलं होलाने पाठवलं. होलाला वाटलं वन्सं स्वतःच घेऊन जातील. वन्संना वाटलं मी पाठवलं. आणि पिल्लाची पाठ संपून हाडं कुत्र्याला गेली होती.

"अरे देवा," मी म्हटलं.

"देवाला नंतर हाक मार. आधी मेलेनाइते कुठे आहे?"

मी बोट दाखवलं, आणि बाई आतल्या खोलीकडे निघाल्या.

आता बाई कोण, ते सांगायला हवं. नाहीतर पन्नाशीच्या मेलेनाइते वन्संनी त्यांना दारात पाहून तोंडातलं च्युइंगम का गिळलं, ते कळायचं नाही.

लोसालिनेबाई मूळच्या लांब उत्तरेच्या वावाउ बेटांकडच्या. आमच्याकडे आल्या त्या दोन वर्षांच्या बदलीवर, एक पेटी आणि एक छत्री घेऊन. दोन वर्षं कधी संपली ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. लग्न केलं नाही. शेजारच्या बेटावरच्या पांगाईच्या बंदर कचेरीतला एक भला माणूस विचारायला आला होता म्हणतात. त्याने विचारलं, तुम्हाला मुलं किती हवीत? बाई म्हणाल्या, दरवर्षी एक वर्गभर. तो पुढच्याच बोटीने परत गेला.

माझा नवरा लहानपणी शाळा बुडवून त्याच्या काकाबरोबर मासेमारीला जायचा. एके दिवशी पहाटे बाई हजेरीचं पुस्तक पिशवीत घालून त्या होडीत जाऊन बसल्या.  वावाउच्या असूनही त्यांना समुद्र सोसत नाही. खडकांच्या बाहेर गेल्याबरोबर उलट्या सुरू झाल्या. एका हाताने होडीची कड धरून, दुसऱ्या हाताने पुस्तक उघडून त्यांनी हाक मारली, "होला!" तो म्हणाला, "हजर, बाई." मग पुन्हा उलटी. होला सांगतो, त्यानंतर त्याने एकदाही शाळा बुडवली नाही. भीतीने नव्हे. "इतकी हिरवी झालेली बाई मी जन्मात पाहिली नव्हती. पुन्हा यायची म्हणाली असती तर मेलीच असती."

शनिवारी निरफणसाच्या झाडाखाली मुलग्यांचे केस कापणाऱ्या बाईच. उवा निघाल्या तर त्या आईला कानात सांगणार, वर्गात नाही. फळं तोडायच्या कामाला ज्यांचे आईबाप ऑस्ट्रेलियात गेलेत ती पोरं रविवारी संध्याकाळी बाईंच्या ओसरीवर रांगेने बसतात, कारण चांगला फोन त्यांच्याकडे आहे. "रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या," त्या आधीच सांगतात, "फोन लागला की काय शिकलात ते सांगायचं." पोरं रडून घेतात, नाकं पुसतात, आणि फोन लागला की पलीकडे आईच रडते. मग पोरं तिला समजावतात. हेच त्यांना शिकवायचं असावं.

वन्सं शाळेत हुशार नव्हत्या. गणित तर अजिबात नाही. बाईंनी त्यांना गायनात खालच्या सुराला उभं केलं, आणि आमच्या चर्चमध्ये तसा खालचा सूर पुन्हा कुणाला लागला नाही. वन्संची आई पांगाईच्या मोठ्या दवाखान्यात वारली, तेव्हा बोटीवरून निरोप आधी शाळेत आला. बाईंनी छोट्या मेलेनाइतेला वर्गाबाहेर नेलं. बाकीच्या मुलांना खिडकीतून दिसलं की बाई वाळूत खाली बसल्यात आणि ती त्यांच्या मांडीत आहे. शाळा सुटायची घंटा त्या दिवशी कुणी वाजवलीच नाही. मुलं आपणहून हळूच उठून घरी गेली. त्यानंतर मेलेनाइतेला वाढवलं ते तोआकासे आत्याने.

तर अशा या बाई आतल्या खोलीत गेल्या. वन्सं पंख्यासमोर पाय पसरून बसल्या होत्या, त्या ताठ झाल्या.

"बाई! मी येणारच होते तुमच्याकडे."

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत तसेच."

"सून?"

"पोट हे एवढं, बाई. मुलगाच असणार."

"होऊ दे काय व्हायचं ते. तू तोआकासेंना भेटलीस का?"

वन्संनी पंख्याकडे पाहिलं. "नाही अजून."

"काल त्यांचं ताटही गेलं नाही."

वन्सं माझ्याकडे वळल्या. "वीका! तू ताट पाठवलं नाहीस?" मी काही बोलणार तोच त्यांचा आवाज खाली आला. "मागच्या खेपेला तिने मला ओळखलं नाही, बाई. तासभर बसले. मला म्हणाली, बाळ, तू कुणाची? मग माझं पाऊलच उचलेना तिकडे."

 बाई म्हणाल्या, "त्यांनी नाही ओळखलं, तर तू तर त्यांना ओळखतेस ना? ऊठ. मलाही त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला जायचंच आहे."

रात्रीच्या अभ्यासासाठीच्या अळूच्या पुरचुंड्या बांधून, भाजून झाल्यावर त्यांतल्या चांगल्यातल्या मी टोपलीत काढल्या, रताळी घेतली, होलाने बाहेरून न विचारता एक कोंबडी भाजून दिली. मोठ्यांपुढे जाताना बांधतात तशी वन्संनी कमरेला चटई बांधली, चांगल्यातली. आम्ही निघालो. 

केवड्याच्या बनाशी आलो तर कुणीतरी मोठ्याने बायबल वाचत होतं. खणखणीत, शब्दन् शब्द सुटा. मला वाटलं पाळकांची मुलगी सुट्टीला आली असेल.

"कोण गं ही?" वन्संनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "तुझी भाची."

माझी सियाले! घरात मीठ मागायचं तर माझ्या पदराशी येऊन पुटपुटणारी. वर्गात उत्तर येत असूनही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी तिला सांगितलं होतं, "ऐकू येतं त्यांच्यापुढे तू कुजबुजतेस. आता ज्यांना ऐकू येत नाही त्यांना रोज वाचून दाखव." तेव्हापासून ती शाळेनंतर तोआकासेंकडे जात होती, आणि मी समजत होते की ती तिथे झाडलोट करते. बनातून तो आवाज येत राहिला आणि मी टोपली घेऊन तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं चर्चमध्ये मी पुष्कळांना वाचताना ऐकलंय. इतक्या सरळ गळ्याने वाचलेलं मला आठवत नाही. देवाने मला गर्व करू नये असं सांगितलंय, पण ते त्याने माझ्या मुलीचं वाचन ऐकण्याआधी सांगितलं असावं.

आम्ही आत गेलो. बाई दाराशीच बसल्या, मीही त्यांच्या बाजूला. वन्सं पुढे जाऊन गुडघ्यांवर कशाबशा खाली बसल्या.

सियालेने पुस्तक मिटलं आणि ओरडून सांगितलं, "आजी, मेलेनाइते आत्या आलीये! जेवण घेऊन!"

"ओरडतेस कशाला?" तोआकासे म्हणाल्या. "मला ऐकू येतं." मग हात पुढे करून त्यांनी टोपलीतली कोंबडी चाचपली. "गार करून आणलीस. लहानपणापासून तुझं चालणं हे असंच."

वन्संनी त्यांचा हात आपल्या गालाला लावला आणि रडायलाच लागल्या. तोआकासेंनी ते होऊ दिलं. नंतर म्हणाल्या, "ही पोरगी उद्या जाणार म्हणे."

आम्ही सगळ्यांनी सियालेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"तिला बोलू नका. काल हिचा आवाज बारीक झाला. पान उलटेना. मी विचारलं, काय झालं, तर बोलली. मी रात्रभर वाट पाहिली, कुणी येईल, विचारेल. मला विचारायचं अजून चालू आहे ना आपल्या घरात? की ती रीत गेली?"

"आहे, आत्या," वन्सं म्हणाल्या.

"मग तू सांगायला आलीस, की विचारायला?"

वन्संनी बाईंकडे पाहिलं. बाई डोळ्यांच्या थेंबांची बाटली उजेडात धरून त्यात किती उरलंय ते बघत होत्या.

"विचारायला आलेय, आत्या. हिला नेऊ का?"

"नाही," तोआकासे म्हणाल्या. "पुस्तकातले लोक अजून वाळवंटात आहेत. इतके महिने मी त्यांच्याबरोबर चालतेय. ते नदी ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत माझी वाचणारी इथून हलणार नाही."

वन्संचं तोंड उघडं राहिलं. पण आत्याने नाही म्हटल्यावर भाचीने काय बोलायचं? सकाळपर्यंत मी ज्या जागी होते, त्या जागी आता त्या होत्या. मला त्यांची दया आली, आणि थोडं हसूही.

"नदी कधी येईल, आत्या?"

"त्यांना विचार. दाराशी बसल्यात त्यांना."

बाई म्हणाल्या, "सियाले, किती राहिलंय?"

सियालेने पानं चाळली. तिच्या तोंडावर पहिल्यांदाच उजेड आला. "रोजच्यासारखं वाचलं तर पुढचा आठवडा संपेल, बाई. मध्ये नुसती नावंच नावं आहेत."

"नावं गाळायची नाहीत," बाई म्हणाल्या.

"एकही नाही," तोआकासेंनी बजावलं. "ती माणसं होती."

परतताना वन्सं मध्येच थांबल्या. "बाई, हे तुम्ही ठरवून केलंत."

"मी फक्त ताटाचं विचारलं, मेलेनाइते."

"वर्गातही तुम्ही असंच करायचात. उत्तर सांगायचा नाहीत, आणि आम्ही दुसरीकडे कुठे जाऊच शकायचो नाही."

"तुझं उत्तर तरी कधी आलं होतं का?" बाई म्हणाल्या, आणि वन्सं रस्त्यातच इतक्या हसल्या की गुडघा धरून त्यांना केवड्याच्या बुंध्याला टेकावं लागलं. मग बाई सरळ म्हणाल्या, "परीक्षा होऊ दे, नदी ओलांडू दे. त्याच्या पुढच्या बोटीवर मी स्वतः हिला बसवते. नाताळपर्यंत तुझी. बाळाला अंघोळ घालायला शिकेल, गाळ्यावर चटया विकायला शिकेल. पास झाली तर पुढे राजधानीत राहायला तिला घर लागेलच. ते तुझंच असेल."

"आणि आता? सुनेजवळ कोण राहणार?"

"तिला आई नाही का?"

वन्संनी त्या संध्याकाळी सुनेच्या आईला फोन केला. ती बाई बांधाबांध करून तयारच बसली होती. विहिणीला विचारायचं धाडस होत नव्हतं, एवढंच. मंगळवारची बोट गेली, वन्सं गेल्या नाहीत. त्या रोज माझ्याबरोबर रात्रीच्या अभ्यासाला यायच्या आणि मुलांना वाढायच्या. जेवणाआधीचं गाणं त्या खालच्या सुरात धरायच्या तेव्हा मुलगे हसायचे थांबायचे.

परीक्षेच्या सकाळी शाळेसमोर आम्ही सगळ्या आया कुंपणाला धरून उभ्या होतो. होला माझ्यापासून लांब, बहीण शेजारी म्हणून, पण मान इतकी ताणलेली की दुखलीच असेल. बाईंनी एकेकाची नखं पाहिली, पेन्सिलीची टोकं पाहिली, कुणाचं बटण दाताने दोरा तोडून तिथल्या तिथे लावलं. एक मुलगा घाबरून ओकला; त्याचं तोंड धुऊन त्याला म्हणाल्या, "चांगलं झालं. होलासाठी मीही हेच केलं होतं, आणि बघ, तो शिकला." सगळा घोळका हसला, तो मुलगाही.

पांगाईहून आलेल्या साहेबांनी दारात उभं राहून नावं पुकारली. प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव सांगून आत जायचं होतं. सियालेची पाळी आली. मी डोळे मिटले.

तिने आपलं नाव सांगितलं. धक्क्यावर जाळी दुरुस्त करणारे पुरुष माना वळवून बघायला लागले. साहेब दचकून म्हणाले, "मुली, मला ऐकू येतं."

"माफ करा, साहेब," ती म्हणाली, तेवढ्याच मोठ्याने, आणि आत गेली.

वन्संनी माझा दंड घट्ट धरला होता. "माझी भाची," त्या शेजारणीला सांगत होत्या. "माझ्या आत्याला रोज वाचून दाखवते." जसं काही हे त्यांनीच ठरवलं होतं. मी सांगू दिलं.

दार लागलं. ज्यांनी शिकवलं त्यांनी परीक्षेच्या वर्गात थांबायचं नसतं, म्हणून बाई ओसरीवर राहिल्या. त्यांची घडी घातलेली चटई अजून तिथेच होती. मी विचारलं, "बाई, थोडं बसता का? चहा आणलाय."

"नको गं. तोआकासेंचे थेंब संपलेत, ते गावातल्या दवाखान्यातून आणायचेत. आणि आज वाचायलाही मलाच बसायचंय, सियाले दमून येईल."

छत्री उघडून त्या दवाखान्याकडे निघाल्या.